पुण्यात आलोय, कात्रजचं प्राणिसंग्रहालय बघावं का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बाहेरगावचे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर हा प्रश्न येतोच. पुणेकरांची उत्तरं दोन टोकांची असतात. एक म्हणतो, "छे, काय बघायचंय तिथे?" दुसरा म्हणतो, "पोरांना घेऊन जा, दिवस निघून जाईल." दोघंही बहुधा शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलेले नसतात. म्हणून ही जरा सविस्तर उत्तरं.

थोडक्यात सांगा. जावं की नाही?

बरोबर मुलं असतील आणि पुण्यात दोन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल, तर जा. मुलं नाहीत, पण साप, लांडगा, शेकरू अशा प्राण्यांबद्दल कुतूहल आहे, तरीही जा. फक्त वाघ बघायचा म्हणून जाणार असाल तर विचार करा. आणि "वेळ आहे तर टाकू एक चक्कर" म्हणून भर दुपारी, त्यातून रविवारी जाणार असाल, तर नकाच जाऊ. ऊन, गर्दी आणि झोपलेले प्राणी बघून परत याल आणि वर कात्रजला नावं ठेवाल.

आमच्याकडे पुण्यासाठी एकच दिवस आहे.

मग नको. शनिवारवाडा, राजा दिनकर केळकर संग्रहालय, पर्वती, नाहीतर सरळ सिंहगड करा. केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते आणि दरवाजे जगात दुसरीकडे कुठे एकत्र बघायला मिळणार नाहीत. वाघ मात्र भारतातल्या बहुतेक मोठ्या शहरांत मिळतो. एका दिवसात शहर बघायचं असेल तर जे फक्त त्याच शहरात आहे ते आधी बघावं.

याला अपवाद एकच. बरोबर चार ते दहा वर्षांचं मूल असेल तर त्याला अडकित्त्यांत काडीचा रस नसतो. त्याची सकाळ कात्रजला घालवा, दुपारनंतर तुमचं पुणं बघा.

तिथे असं काय आहे, जे आम्ही आधी पाहिलेलं नाही?

अधिकृत नाव राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. चालवते पुणे महानगरपालिका. सगळी जागा सुमारे १३० एकर, त्यातले ४२ एकर कात्रज तलावाचे. वाघ, पांढरा वाघ, सिंह, बिबट्या, हत्ती, अस्वल ही नेहमीची मंडळी आहेतच. पण प्रवाशाने खरा वेळ द्यावा तो दख्खनच्या आणि सह्याद्रीच्या प्राण्यांना. लांडगा, तरस, कोल्हा, वाघाटी (एक छोटं रानमांजर), काळवीट, भेकर, रानगवा, शेकरू.

लांडग्याचंच घ्या. गोष्टींमधला लांडगा आपल्याला पाठ असतो, पण प्रत्यक्ष पाहिलेला माणूस विरळा. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, म्हणजे सासवडच्या पुढचं माळरान, सुपे, दौंड, इंदापूर, हा लांडग्यांचा खरा मुलूख आहे. धनगरांच्या मेंढ्यांवर त्याचा डोळा असतो आणि धनगरांचा त्याच्यावर. पिंजऱ्यासमोर उभे राहिलात की पहिल्यांदा वाटतं, हे तर गावठी कुत्रंच. मग त्याचे लांब पाय, अरुंद छाती आणि डोकं खाली ठेवून चालण्याची ढब लक्षात येते, आणि कुत्र्याची आठवण हळूहळू मागे पडते.

माळरान म्हणजे पडीक जमीन, अशी आपल्याकडे समजूत. म्हणून तिथे झाडं लावा, प्लॉट पाडा, खाणी काढा, कोणी विचारत नाही. गवत गेलं की लांडगा गावकुत्र्यांच्या जवळ येतो. कुत्र्यांचे आजार त्याला लागतात, संकरही होतो. पुण्याच्या आसपास लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्धही झालं आहे. शहरापासून तासा-दोन तासांवर एवढं घडतंय आणि आपण पांढऱ्या वाघासमोर सेल्फी काढतोय, असं मला तिथे उभं राहून दरवेळी वाटतं.

दुसरा शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस तपकिरी अंग, फिकट पोट, अंगाइतकीच लांब झुपकेदार शेपटी. भीमाशंकरच्या जंगलात माना मोडेपर्यंत वर बघूनही अनेकांना फक्त त्याचं घरटं दिसतं. इथे तो नीट, जवळून दिसू शकतो. शांत उभे राहा, आधी पानं हलतात, मग तो दिसतो.

आणि सर्पोद्यान? मला तर सापाचा फोटो पाहिला तरी शहारे येतात.

मग तुम्ही आधी तिथेच जा. कात्रजला काही एकमेवाद्वितीय असेल तर हाच भाग.

याची सुरुवात १९८६ सालची, म्हणजे बाकीच्या प्राणिसंग्रहालयाच्या कितीतरी आधीची. सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारातून ते उभं राहिलं. खैरे यांनी त्याआधी, १९८० मध्ये, पुण्यातच काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढून दाखवले होते. साप उगाच चावत नाही, हे लोकांना पटवण्यासाठी. आज कोणी असं करू नये, पण त्या काळात साप दिसला की काठी शोधायची हाच रिवाज होता, हे लक्षात घेतलं तर त्यामागचा खटाटोप कळतो. पुण्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही या जागेला "सर्पोद्यान"च असतं. रिक्षावाल्यालाही तेच सांगितलं की लवकर कळतं.

इथे काय बघावं? आधी आपले चार मुख्य विषारी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग आणि मण्यारचं विष मज्जासंस्थेवर परिणाम करतं, घोणस आणि फुरशाचं प्रामुख्याने रक्तावर. हे शाळेत वाचलेलं असतं, पण उपयोगी पडते ती ओळख, आणि ती पुस्तकापेक्षा काचेसमोर पक्की होते.

घोणस आणि अजगराचं पिल्लू यांची गल्लत नेहमीची. घोणसच्या पाठीवर साखळीसारखे सुबक लांबट ठिपके ओळीने असतात, अजगराचे पट्टे वेडेवाकडे, नकाशासारखे पसरलेले. घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. शेतात तिला अजगर समजून उचलायला गेलेल्या माणसांच्या हकिकती ग्रामीण भागात ऐकायला मिळतात, आणि त्यांचा शेवट बहुतेक वेळा दवाखान्यात होतो.

मण्यार आणि कवड्या हे दुसरं फसवं जोडपं. मण्यारचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठसठशीत आणि डोक्याकडे पुसट होत जातात. बिनविषारी कवड्याचं बरोब्बर उलटं, पट्टे मानेकडे स्पष्ट आणि शेपटीकडे विरळ. दोघांच्या काचेसमोर पाच-पाच मिनिटं उभे राहा, पुन्हा चुकणार नाही. अर्थात ओळखता आलं म्हणून घरात निघालेला साप हातात धरायचा नाही. लांब राहायचं आणि सर्पमित्राला फोन करायचा. मण्यारचा दंश फारसा दुखत नाही, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला कधीकधी कळतही नाही, हे विसरू नका. धामण मोठी असते, जोरात पळते आणि नाग समजून हकनाक मारली जाते. तीही इथे पाहून घ्या. उंदीर खाणारा शेतकऱ्याचा हा सोबती आहे.

नागराज (किंग कोब्रा) दिसला तर तुमचं नशीब. जगातला सर्वांत लांब विषारी साप, आणि जेवणात मुख्यतः दुसरे साप. मगर, सुसरीच्या जातीचे प्राणी आणि तारा कासवंही याच बाजूला शोधा.

एक विनंती. काचेवर टिचक्या मारू नका. सापाला हवेतला आवाज आपल्यासारखा ऐकू येत नाही, पण कंपनं चांगली जाणवतात. दिवसभर शेकडो माणसं टिचक्या मारत असतात, त्याचं काय होत असेल?

वाघ-सिंह दिसतात की नुसतेच झोपलेले असतात?

दिसतात, आणि बहुतेक वेळा झोपलेलेच असतात. मार्जारकुळातले प्राणी दिवसाचे पंधरा-सोळा तास सहज झोपून काढतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पहाटे आणि सांजवेळी हालचाल करायची ही त्यांची रीत. म्हणून दार उघडल्या उघडल्या आत गेलात तर येरझारा घालणारा वाघ दिसण्याची शक्यता जास्त. दुपारी एक ते तीन ही वेळ वाघासाठी वाया.

उन्हाळ्यात त्यांच्यासाठी पाण्याचे हौद, फवारे, कूलर अशी सोय केली जाते. तेव्हा पाण्यात बसलेला वाघ दिसला तर थांबा. मांजर असून पाणी आवडणारा प्राणी, मुलांना याचं फार नवल वाटतं.

पांढऱ्या वाघाबद्दल एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. तो वेगळ्या जातीचा नाही, बर्फातला तर मुळीच नाही. आपल्या नेहमीच्या वाघाचाच तो एक दुर्मिळ रंगप्रकार. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या "मोहन" नावाच्या बछड्यापासून आजच्या पांढऱ्या वाघांची वंशावळ सुरू होते. रंग टिकवायचा म्हणून जवळच्या नात्यांतच प्रजनन करत गेले आणि त्यातून तिरळेपणासारखे दोष आले. गर्दी तिथेच सर्वांत जास्त असते, तरी माझ्या मते संपूर्ण उद्यानात शिकण्यासारखं सर्वांत कमी तिथेच आहे.

कोणत्या वारी आणि किती वाजता जावं?

बुधवारी बंद असतं, हे आधी लिहून ठेवा. आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवणं देशभर नियमानेच बंधनकारक आहे, म्हणजे प्राण्यांना उसंत मिळते आणि साफसफाई, दुरुस्ती होते. अनेक ठिकाणी मांसाहारी प्राण्यांना त्याच सुमारास एक दिवस उपासही घडवतात. त्याचा एकादशीशी संबंध नाही. जंगलात रोज शिकार मिळत नाही, तर इथे रोज भरपेट मिळाल्यावर त्यांची तब्येत बिघडते.

इतर दिवशी सकाळी साडेनऊला उघडतं आणि संध्याकाळी सहाला बंद होतं, तिकीट खिडकी त्याआधीच बंद होते. साडेनऊला दारात हजर राहा. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार सर्वांत चांगले. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि सगळा मे महिना म्हणजे जत्रा.

तिथे पोहोचायचं कसं?

पुणे-सातारा रस्त्यावर, कात्रज घाटाच्या अलीकडे. स्वारगेटहून सहा-सात किलोमीटर. स्वारगेटला पीएमपीच्या बस भरपूर, कात्रजकडे जाणारी कुठलीही घ्या आणि कंडक्टरला सर्पोद्यान सांगून ठेवा.

पुणे स्टेशन किंवा शिवाजीनगरहून येणाऱ्यांना सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आहे. मेट्रोने स्वारगेट, तिथून बस किंवा रिक्षा. स्वतःच्या गाडीने शहरातून सातारा रस्ता तुडवत येण्यापेक्षा हे बरं, कारण कात्रज चौकातली कोंडी आणि रविवारचं पार्किंग हे दोन्ही माणसाची परीक्षा बघतात.

सातारा, कराड, कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी उगाच स्वारगेटपर्यंत जाऊन मागे येऊ नये. त्या बाजूच्या अनेक एसट्या कात्रजला थांबतात. तिथेच उतरा. पण जड सामान बरोबर असेल तर आधी मुक्कामाच्या ठिकाणी टाका. सुटकेस ओढत १३० एकर फिरणं हा काही आनंद नाही.

आजी-आजोबा बरोबर आहेत. चालणं झेपेल?

पायी सगळं बघायचं म्हटलं तर दमछाक होते. पिंजरे आणि खंदक एकमेकांपासून लांब आहेत, मध्ये चढउतारही आहेत. आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, वेगळं तिकीट काढून बसता येतं. गर्दीच्या दिवशी मात्र त्यांच्यासाठीही रांग लागते. आजोबांचे गुडघे दुखत असतील तर ही चौकशी दारातच करा, अर्धं अंतर चालून झाल्यावर नको.

सगळं मिळून तीन तास धरा. रमतगमत, फलक वाचत, तर चार.

मूल दोन वर्षांचं आहे.

हत्ती आणि माकडं आवडतील, बाकी वेळ कडेवर जाईल. चार वर्षांपर्यंत थांबलात तरी चालेल.

पावसाळ्यात गेलं तर?

छान वाटतं. घाटाची बाजू असल्यामुळे हिरवळ दाट असते, ऊन नसतं, आणि हरणं, सांबरं खूश दिसतात. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. जोराच्या पावसात प्राणी निवाऱ्याला जातात आणि तुम्ही रिकाम्या खंदकाकडे बघत उभे राहता, तेवढी तयारी ठेवा.

माझं मत विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ. प्राणी उन्हाला येऊन बसतात. एप्रिल-मे मध्ये शक्यतो नको, पण नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी असते.

तलावाकाठी बसायला जागा आहे का? फोटो चांगले येतात का?

जागा आहे. तलावाचं सौंदर्य मात्र दिवसावर अवलंबून. आजूबाजूची वस्ती वाढली तसं सांडपाणी आणि जलपर्णीने या तलावाला छळलंय. काही दिवस नाकाला रुमाल लावावा लागतो. तरी बसल्या बसल्या एक आठवा. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला धरणं बांधून दगडी नळातून शहरापर्यंत पाणी नेलं, शनिवारवाड्याची कारंजी आणि पेठांतले हौद त्या पाण्यावर चालत. शनिवारवाडा आधी बघून आला असाल तर पाण्याचं हे दुसरं टोक बघायला गंमत वाटते.

जेवणाचं काय?

घरून पोटभर नाश्ता करून निघा. दारात पिशव्या तपासतात, प्लास्टिक चालत नाही. पाण्याची बाटली स्टीलची ठेवा. बाहेर आलात की सातारा रस्त्यावर वडापावपासून थाळीपर्यंत सगळं मिळतं, आणि कात्रजच्या दुधाचं नाव पुण्यात घराघरांत आहे, तेव्हा मुलांना थंडगार सुगंधी दूध घेऊन द्या.

माकडांना थोडे शेंगदाणे दिले तर काय बिघडतं?

बिघडतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना खायला घालणं, चिडवणं, गोंगाटाने त्रास देणं आणि तिथे कचरा टाकणं, सगळं बेकायदा आहे. प्रत्येकाला ठरलेला, मोजलेला आहार असतो. वेफर्स पाकिटासकट गिळणारं हरीण मरतं, इतकं ते सरळ आहे.

"ए वाघोबा, उठ ना!" असं ओरडणारा एक तरी काका प्रत्येक गटात असतो. तो तुमच्या गटात असला तर त्याला तुम्हीच आवरा.

प्राण्यांचे हाल होतात म्हणतात. मग पैसे देऊन ते बघायला जाणं बरोबर आहे का?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि "मुलांना शिकायला मिळतं" एवढ्या उत्तराने तो मिटत नाही.

आधी जमेची बाजू. कात्रजची मांडणी जुन्या लोखंडी पिंजऱ्यांची नाही. मोठ्या प्राण्यांसाठी बऱ्याच ठिकाणी खंदक करून मोकळी, झाडीची जागा दिली आहे. इथे प्राण्यांचं खेळ करून दाखवणं नसतं. देशातल्या प्राणिसंग्रहालयांवर १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे आणि त्यांची मान्यता असल्याशिवाय कोणी प्राणिसंग्रहालय चालवू शकत नाही.

आता दुसरी बाजू. जुलै २०२५ मध्ये इथल्या चितळांमध्ये लाळ्या-खुरकूत शिरला आणि काही दिवसांत पंधरा-सोळा चितळं दगावली. पुण्यातली माणसं हळहळली, चिडलीही. गुरांचा हा रोग दाटीने राहणाऱ्या कळपात शिरला की आवरणं कठीण असतं, हे खरं. पण आजूबाजूला शहर आणि गुरंढोरं असताना त्याची भीती आधीपासून होतीच, हेही खरं. हत्तींबाबत तर प्राधिकरणानेच २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतले हत्ती मोकळ्या छावण्यांत हलवावेत असं सांगितलं होतं. इतक्या मोठ्या, मैलोन् मैल चालणाऱ्या, कळपात राहणाऱ्या प्राण्याला खंदकात ठेवणं मला स्वतःला बघवत नाही. हत्तीसमोर मी थांबत नाही.

मग जायचं कशाला? कारण सगळ्या प्राण्यांचं उत्तर एक नाही. सापाला काचेमागची जागा आणि हत्तीला खंदक, यांत फार अंतर आहे. इथले अनेक बिबटे, कोल्हे, साप माणसांच्या वस्तीतून पकडून किंवा जखमी अवस्थेत आणले जातात, त्यांतल्या काहींना परत जंगलात सोडणं शक्य नसतं. आणि पुण्यातल्या मुलाने लांडगा पाहिलाच नाही, तर माळरान वाचवायला हवं हे त्याला उद्या कोण पटवून देणार? जायचं तर डोळे उघडे ठेवून जायचं. एखादा प्राणी एकाच रेषेत सारखा येरझारा घालतोय, डोकं हलवतोय, असं दिसलं तर मुलाला "बघ कसा नाचतोय" म्हणू नका. ते ताणाचं लक्षण आहे, तसंच सांगा. पाच वर्षांच्या मुलालाही ते कळतं.

बिबट्या पळाला होता ना? भीतीचं कारण आहे का?

मार्च २०२४ मध्ये विलगीकरणात ठेवलेला एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला होता. प्रेक्षकांसाठी उद्यान बंद ठेवून शोध घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो आवारातच सापडला. कोणाला इजा झाली नाही. खरी भीती कठड्यावर बसवलेल्या मुलांची. फोटोसाठी मूल कठड्यावर उभं करणारे आईबाप मला बिबट्यापेक्षा धोकादायक वाटतात.

आमच्या लहानपणी पेशवे पार्कात वाघ होते. ते आणि हे एकच का?

त्याचंच पुढचं पर्व. पालिकेने १९५३ मध्ये सारसबागेजवळ पेशवे पार्क सुरू केलं. १९५६ पासून तिथे फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली आणि पुण्यातल्या कित्येक पिढ्यांचा पहिला रेल्वेप्रवास तिच्यात झाला. पण शहर चहूबाजूंनी वाढलं, जागा अपुरी पडली. १९९९ मध्ये कात्रजचं उद्यान लोकांसाठी खुलं झालं आणि टप्प्याटप्प्याने प्राणी तिकडे गेले. फुलराणी मात्र पेशवे पार्कातच राहिली.

पुण्यात प्राणी पाळून दाखवायची हौस त्याहून फार जुनी आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये तिथल्या गेंड्याचं चित्र काढलं. ते आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. गेंडा पुण्यात, चित्र येलमध्ये, आणि आपल्याला ठाऊकच नाही!

आम्ही मैसूर आणि सिंगापूर पाहिलंय. आता कात्रज काय बघणार?

तुलना करत गेलात तर हिरमोड होईल. मैसूरचं प्राणिसंग्रहालय १८९२ पासूनचं, संस्थानिकांनी उभं केलेलं. सिंगापूरचा तर पैसाच वेगळा. पण तुम्ही तिथे मण्यार आणि कवड्या यांतला फरक शिकलात का? सर्पोद्यान आणि शेकरू एवढंच बघा, दीड तासात बाहेर या.

उलट विचारतो. पुण्याहून आम्ही दुसरीकडे फिरायला जातो, तेव्हा तिथलं प्राणिसंग्रहालय बघावं की नाही, हे कसं ठरवायचं?

मी एकच गोष्ट बघतो. त्या प्रदेशाचा स्वतःचा प्राणी तिथे आहे का?

दार्जिलिंगचं पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय चुकवू नका. हिमबिबट्या आणि लाल पांडा तुम्हाला जंगलात दिसण्याची शक्यता जवळपास शून्य, आणि त्या प्राण्यांना तिथली थंडी मानवते. जुनागढच्या सक्करबागेत आशियाई सिंह आहेत आणि त्यांच्या प्रजननाचं मोठं काम तिथे झालंय, पण गीरला जाणारच असाल तर सक्करबाग ऐच्छिक. मुंबईची राणीची बाग? पेंग्विनसाठी मुलं हट्ट धरतात, धरू देत. मोठ्यांनी मात्र १८६० च्या दशकातली ती बाग झाडांसाठी बघावी. गोरखचिंच, उर्वशी, अशी झाडं एका आवारात आणखी कुठे बघणार? तीही बुधवारी बंद असते बरं का.

जिथे सगळीकडे सारखेच वाघ, सिंह, पाणघोडा एवढंच आहे, तिथे सरळ बाजारात जा, काहीतरी चांगलं खा.

पिंजऱ्यात नको, मोकळे प्राणी बघायचेत. पुण्याजवळ काही आहे?

बरंच आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य छोटंसं, पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, पण चिंकारा तिथे बऱ्यापैकी खात्रीने दिसतात. सकाळी लवकर जायचं, पुण्याहून दोन तास धरा. वाटेत जेजुरी करता येते, त्यामुळे घरातल्या देवभोळ्या मंडळींचीही सोय होते. हिवाळ्यात उजनी धरणाच्या जलाशयावर भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, होडीतून बघता येतात. लोणी काळभोरजवळ कवडीपाटला नदीचं पाणी घाण आहे, पक्षी मात्र थक्क करणारे. शेकरूसाठी भीमाशंकर, आणि तिथे श्रावणातल्या सोमवारी चुकूनही नको. इंदापूरकडच्या गवताळ भागात वनखात्याने सफारीही सुरू केली आहे, लांडगा मोकळ्यावर बघायचा तर तिकडे. आधी कात्रजला त्याला नीट बघून ठेवलात, तर माळावर दूर पळणारा ठिपका लांडगा आहे की कुत्रा, हे सांगता येईल.

तिकीट किती?

दर पालिका ठरवते आणि अधूनमधून वाढवते. मोठे, मुलं, परदेशी पाहुणे यांचे दर वेगवेगळे. चार जणांचं कुटुंब सिनेमाला जाईल त्यापेक्षा पुष्कळ कमीत काम होतं, त्यामुळे तिकिटावरून जावं की नाही हे ठरवू नका. कॅमेरा मोठा असेल तर त्याची चौकशी खिडकीवरच करा.

एवढं वाचून बुधवारीच जाऊन धडकलो तर?

घाबरू नका, तुमच्यासारखे आणखी पाच-सात जण गेटवर फलक वाचत उभे असतील. बसने परत स्वारगेटला या. तिथून सारसबागेतला तळ्यातला गणपती चालत जाण्याइतका जवळ. मग पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढा. पायाशी शिकारखाना कुठे असेल याचा अंदाज वरून बांधा आणि उतरल्यावर मुलांना भेळ खायला घाला. गुरुवारी सकाळी साडेनऊला पुन्हा कात्रज, आधी सर्पोद्यान, मग लांडगा.